आणखी एक सही

अहो,
मी वाघोलीला ताईकडे चालले आहे, रविवारी येईन. आमटी गॅसवर आहे, गरम करून घ्या.

परवा तुमच्या निवृत्तीच्या सत्कारात तुम्ही म्हणालात, "म्हातारपणाची सोय मी एकट्यानं केली, हिनं नुसत्या सह्या केल्या." सगळे हसले. आपला मुलगा योगेशही हसला.

खरंच आहे. कंपन्यांचे नवे शेअर निघाले की एका नावावर एकच अर्ज चालायचा, म्हणून निम्मे अर्ज तुम्ही माझ्या नावानं भरलेत. मी काही विचारलं की "तुला काय कळतंय, इथे सही कर" म्हणायचात. पुढे सॉफ्टवेअरच्या लाटेत तुमच्या नावावरचे सगळे शेअर विकून ते पैसे नव्या कंपन्यांत घातलेत आणि बुडालात. माझे तेवढे राहिले. आता घर त्यांच्याच लाभांशावर चालायचं आहे.

आज सकाळी बँकेत जाऊन मी आणखी एक सही केली. यापुढे तो लाभांश आपल्या दोघांच्या नव्हे, माझ्या एकटीच्या खात्यात येईल. तुम्हाला सुपारीला, पेपरला, मित्रांबरोबर मिसळीला पैसे लागले की मागत जा. कशाला हवेत, मागचे कुठे गेले, ते मी विचारीन. इतकी वर्षं तुम्ही मला विचारलंत तसंच.

पटलं तर चेकवर सही करीन.

मंदाकिनी