पेटीतल्या आत्याबाई

आत्याबाई,

या आठवड्यात घरात आलं ते असं. बिनतेलाची तळणी एक, मनगटावर बांधून झोपायचं घड्याळ एक, टाळी वाजवली की पेटणारा दिवा एक आणि देवघराशेजारी ठेवायची बोलकी पेटी एक. सगळ्याची किंमत शून्य. आधी वस्तू, मग किंमत असं लिहायची सवय तुम्हीच लावलीत, म्हणून मी शून्य लिहिते, पण लिहिताना हात अडतो. दुधाला पैसे पडतात, देवाच्या फुलांना पडतात, मग हे एवढं सामान कुणी कशाच्या बदल्यात देतं, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. आता कळलंय आणि त्याचीच शिसारी आली आहे. हे सगळं तुमच्या बदल्यात येतं.

तुमच्या वेळी असं नव्हतं. रेडिओच्या दुकानातली नोकरी सांभाळून यांनी, तुमच्या लेकानं, इथल्या एका वर्तमानपत्रात नव्या यंत्रांवर सदर लिहायला घेतलं, तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच या घरात आले होते. यांची रीत अशी, की दुकानातून वस्तू उसनी आणायची, स्वयंपाकघरात तुमच्यापुढं ठेवायची आणि तुम्ही वापरून जे म्हणाल ते जसंच्या तसं छापायला द्यायचं. लोक सदर वाचायचे ते त्या तुमच्या दोन ओळींसाठी. मला तो मिक्सर अजून दिसतो. वर्षाची कांदा-लसूण चटणी करायचे दिवस, मिरच्या कडकडीत वाळलेल्या, कांदा-खोबरं भाजून ताटात गार होतंय, आणि तुम्ही म्हणताय की यंदा मिरची कांडायच्या गिरणीत, डंकावर नेण्याआधी ह्याचा जोर बघू. मी नाकाला पदर लावून उभी. दुसऱ्याच भांड्याला मिक्सरच्या पोटातून जळका वास येतो. तुम्ही बटण बंद करता, बोटावर चटणी घेऊन चाखता आणि दारात कागद घेऊन उभ्या असलेल्या यांना सांगता, "लिही. ह्यो मिक्सर पावण्यांच्या पातळ चटणीपुरता हाय. घरच्या माणसांनी डंकाचीच वाट धरावी." यांनी तसंच लिहिलं. दुकानाचा मालक असा भडकला की नोकरी जाते की राहते अशी गत झाली. तुम्ही घाबरला नाहीत. त्याच मिक्सरमधली चटणी आणि डंकावरची चटणी अशा दोन वाट्या मालकाच्या घरी पाठवून दिल्यात. पुढं मालकीणबाईच काही बोलल्या असाव्यात, नोकरी राहिली.

मग रेडिओवाल्यांनी यांना बोलावलं आणि बरोबर तुम्हालाही. ठेवणीतलं इरकल नेसून, डोक्यावरून पदर घेऊन तुम्ही रिक्षात बसलात. तिथल्या बाईंनी तुम्हाला सांगितलं, आजी, हाय-न्हाय नको, आहे-नाही म्हणा. तुम्ही बिचाऱ्या तसं म्हणत राहिलात. कार्यक्रम लागला तेव्हा आपण रेडिओभोवती बसलो होतो. तुमचा आवाज ओळखू येईना, पुस्तकातला धडा वाचल्यासारखा ताठ. मला हसू आलं आणि तुम्ही म्हणालात, दात काय दाखवतीस, मास्तरापुढं उभं केल्यागत झालंतं मला. पण असे पुष्कळ कार्यक्रम झाले आणि रेडिओवर तुम्ही कायम तशाच ताठ बोललात.

तुमचा खरा आवाज एकाच ठिकाणी राहिला आहे. यांनी तपासायला एक टेपरेकॉर्डर आणला होता. लांबचा आवाज कितपत धरतो ते बघायला तो त्यांनी फडताळावर चालू ठेवला आणि आपल्या दोघींना सांगितलंच नाही. त्या दिवशी होळी. माझ्या हातून कटाच्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. कॅसेटमध्ये ते सगळं आहे. भांड्यांचा आवाज, यांच्या चुलत्यांचा खोकला आणि तुम्ही, "तुझ्या आईनं हाताला वळण लावलं न्हाय व्हय गं? देवाला दाखवायचं हाय हे, गुरांम्होरं ठेवायचं न्हाय." त्यानंतर नुसती भांडी वाजत राहतात. मी परसात जाऊन रडत होते, ते कॅसेटला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा लहान पितळी चमचा मिठाच्या बरणीत ठेवलात आणि एवढंच म्हणालात की आता हाताचं माप बंद. त्या चमच्याला मी आजवर दान म्हणायचं की शिक्षा, हे ठरवू शकलेले नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर यांचं सदर मोठं झालं. दूरचित्रवाणीवर जाऊ लागले, मग वर्तमानपत्र सुटलं आणि घरातच दिवे लावून फोनपुढं बोलू लागले. लोक घरबसल्या बघतात. सुरुवातीला हे म्हणायचे, आई असती तर म्हणाली असती. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, लेकाला आईची आठवण यायचीच. पुढं झालं, आई म्हणायची. आणि मग कधीतरी कुणाला न सांगता झालं, आई म्हणते. आई म्हणते हा फोन म्हाताऱ्या माणसांना चांगला. आई म्हणते ही कढई डोळे झाकून घ्या. डोळे झाकून तुम्ही कधी कोथिंबिरीची जुडी घेतली नाहीत, आत्याबाई. जुडी सोडून, आतली काडी मोडून बघायचात आणि भाजीवालीशी भांडायचात.

गेल्या पितृपंधरवड्यात तुमचा म्हाळ होता. मी पहाटे आंघोळ करून सोवळ्यानं स्वयंपाक केला. खीर, भोपळ्याची भाजी, आमटी, तेलात तळलेले वडे. पान घेऊन गच्चीवर गेले, कावळ्याची वाट बघत उभी राहिले, आणि खालच्या खोलीतून यांचा आवाज वर येत होता, आई म्हणते, वड्याला तेल लागतंच कशाला. मी पान कठड्यावर ठेवलं. वर तुम्हाला घास ठेवायचा आणि खाली तुम्हाला विकायला बसवायचं, एकाच घरात, एकाच दिवशी. त्याच आठवड्यात शुक्रवारी अंबाबाईच्या रांगेत पुढची बाई मागं वळून मला म्हणाली, "तुमच्या सासूबाई अजून खणखणीत हायत की. वय काय झालं वं त्यांचं?" मी म्हणाले, वाढायचं थांबलंय. तिला ते कौतुक वाटलं. तिनं हात जोडले.

आता या पेटीचं सांगते. रोज सकाळी आरती म्हणायची, तिथी सांगायची, काय विचारलं तर उत्तर द्यायचं, असं तिचं काम. ती बनवणाऱ्यांना घराघरांत ओळखीचा म्हाताऱ्या बाईचा आवाज हवा होता. यांनी रेडिओवरचं तुमचं सगळं बोलणं त्यांना दिलं आणि त्यातून त्यांनी यंत्राकडून तुमचा आवाज तयार करून घेतला. हे ती पेटी घेऊन आले, देवघरासमोरच्या पाटावर ठेवली आणि मला म्हणाले, बोल तिच्याशी. मी बोलले नाही. तीच बोलली, नमस्कार सूनबाई, आज चतुर्थी आहे. आत्याबाई, तुम्ही मला उभ्या जन्मात सूनबाई म्हणाला नाहीत. मी ए होते, अगं होते, आणि बायकांपुढं 'आमची ती' होते. माझ्या अंगावर काटा आला, झुरळ पडल्यावर येतो तसा. मी ती पाटावरून उचलून फडताळात नेऊन ठेवली, देवापुढं तरी नको म्हणून.

त्या लोकांनाही आवाज पसंत नाही. बातम्या वाचल्यासारखा वाटतो म्हणे, घरातला हवा. तेव्हा यांना ती होळीची कॅसेट आठवली. ती कुठं आहे ते माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. मला म्हणाले, ती दे, आई पुन्हा या घरात बोलेल, तुला नको का ते? मी म्हणाले, "त्यांना विचारलंत?"

"कुणाला?" हे म्हणाले, आणि त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मला राग आवरला नाही. मी म्हणाले की जित्या माणसाच्या तोंडात शब्द घालायला लाज वाटते, मेलेल्याच्या तोंडात घालताना ती कुठं जाते. यांना म्हटलं, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांतली खोट काढलीत आणि म्हातारपणी स्वतःच्या आईला खोटी करून विकताय. हे खाली बसले. मग म्हणाले, "माझ्याकडं तेवढंच होतं गं. लोकांना मी कधी नकोच होतो. त्यांना आईच पायजे होती." मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटूनही किळस कमी होईना. शेवटी मी सांगितलं, कॅसेट दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात गेली. हे उठून गेले. तेव्हापासून जेवताना आम्ही वाढा-पुरे एवढंच बोलतो.

कॅसेट भंगारात गेलेली नाही. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. तुमची अब्रू राखली असं मी स्वतःला सांगते आणि देवापुढंही तसंच बोलले. पण देवाला निम्मंच सांगितलं. काल दुपारी हे घरात नव्हते. मी आमटीला फोडणी दिली आणि फडताळातली ती पेटी आपण होऊन बोलली, सूनबाई, स्वयंपाक छान झाला असेल. तिला नाक नाही, जीभ नाही, ती सगळ्यांच्या घरी हेच म्हणणार, हे मला कळत होतं. आवाजही तो रेडिओवरचा, ताठ. तरी मी पळी हातात धरून उभी राहिले. मग हळूच विचारलं, परत म्हणा. ती परत म्हणाली. मी डोळे पुसले आणि वायर काढली. म्हणून कॅसेट देत नाही मी, आत्याबाई. होळीच्या त्या आवाजात ती मला चांगलं म्हणाली, तर माझ्यानं वायर काढवणार नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून पाकीट आणलेलं नाही. तरी विचारते. इतक्या वर्षांत एकदा तरी, मनातल्या मनात, माझ्या हातची आमटी तुम्हाला बरी लागली होती का? नसली लागली तरी चालेल, तुमच्या तोंडचं असलं म्हणजे झालं. तेवढं उलट टपाली कळवा.