'विमान' नावाची कॅसेट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच घातला आहे, उरलेला तू आलीस की पूर्ण करीन.) तुझा गुडघा कसा आहे? वॉर्डातल्या पोरींच्या मागे अजून जिने चढतेस, की खालूनच हाका मारतेस? इकडे सगळं क्षेम. तुझी भावजय माझ्याशी बोलते आहे, यावरून काय ते समज. बाबा वेळेवर जेवतात, वेळेवर फिरतात. बोलणं मात्र परवापरवापर्यंत 'हं', 'नको' आणि 'पुरे' यांच्यापुढे गेलं नव्हतं. आई गेल्यापासून त्यांनी शब्दांची जी काटकसर आरंभली होती, तिच्यापुढे मी हात टेकले होते. ('होते' असं मुद्दाम लिहिलं आहे, पण त्याकडे सावकाश येतो.)

तू बजावलं होतंस की महिनाअखेरीस येशील तेव्हा मागची खोली रिकामी हवी, तिथे बाबांचा पलंग लागायला हवा, नाहीतर त्यांना घेऊन तू सरळ तुझ्या घरी जाशील. भंगारात माणूस ठेवायचा नसतो, हे तुझं वाक्य मला फार लागलं. बाबा हॉलमधल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपतात हे मलाही बघवत नाही, आणि ते इथून जावेत हे तर त्याहून नाही. तेव्हा आधी आनंदाची बातमी देतो. खोली जवळजवळ रिकामी झाली आहे. 'जवळजवळ' हा शब्द जरा सैल धर.

झालं असं की मी खरोखर मन घट्ट केलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, दारात उभा राहिला आणि बघतच राहिला. तू ज्याला भंगार म्हणतेस ते आपल्या लहानपणचे घरगुती कॉम्प्युटर आहेत, हे त्याने एका नजरेत ओळखलं (कीबोर्डच्याच पोटात सगळा संसार, टीव्हीला जोडायचे आणि प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवरून भरायचे, ते). असली दोन त्याच्याकडे पडून आहेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आला, वर काचेचा फुगीर पडद्याचा एक टीव्हीही आणला, कारण नव्या चपट्या टीव्हीवर या म्हाताऱ्यांचं चित्र उमटताना नुसत्या मुंग्या येतात. न्यायला बोलावलेला माणूस देऊन गेला. तो टीव्ही उचलतानाच कंबर धरली.

आता आणलेच आहेत तर त्यांना आंघोळ तरी घालावी, म्हणून भावजयीचं केस भुरे करायचं क्रीम पिवळ्या पडलेल्या खोक्यांना चोपडलं आणि बाल्कनीत उन्हात ठेवले. या छंदात ही रीतच आहे; ऊन आणि क्रीम मिळून प्लॅस्टिकचा पिवळेपणा खातात. पण दोरीवर तिच्या ओढण्या वाळत होत्या, त्यांची सावली पडायची तिथे पडली, आणि एक खोकं पट्ट्यापट्ट्यांचं निघालं. क्रीमची बाटली रिकामी बघून भावजय काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण ताई, दुपारी तिथे बसून बघ कधी. कॉम्प्युटर चालू केला की गरम धुळीचा वास येतो, पडदा हळूहळू निळा होतो आणि एका कोपऱ्यात छोटा चौकोन लुकलुकत राहतो. पासवर्ड मागत नाही, कुणाचा निरोप आणत नाही, घाई करत नाही. तू काहीतरी सांगशील म्हणून नुसता थांबलेला असतो. माझ्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोक 'आता दिसतंय, आता नाही' करत असतात. इथे आलं की मला लांबपर्यंत दिसतं.

तर दुरुस्त करायला घेतला तो आपला स्वतःचा, बाबांनी मला घेऊन दिलेला. कपाटावरच्या बुटांच्या खोक्यात कॅसेट सापडल्या. एकीवर माझ्या शाळकरी अक्षरात 'विमान' असं लिहिलेलं होतं. मी लहानपणी विमानाचा खेळ लिहिला होता ना! मला तो लख्ख आठवत होता. खाली इवल्या घरांचे दिवे, समोर तिरकी होत जाणारी धावपट्टी, ढगात शिरल्यावर सगळं पांढरं. तो खेळ चालला की मग खोली आवरायची, असं मी स्वतःला (आणि भावजयीला) वचन दिलं.

कॅसेट लावली. कॉम्प्युटर थोडा वेळ ऐकतो आणि म्हणतो, चूक झाली. पुन्हा लावली. पुन्हा चूक. टेपरेकॉर्डरच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवला की आवाज स्वच्छ होतो. दुकानातला चष्म्याचा पेचकस घेऊन तो फिरवला. चूक. वायर बदलली, आवाज वाढवायला एक जादा भाग जोडला, रबरी पट्टा नवा घातला. चूक. आठवडाभर हेच. (ही वायर खुपसली की टेपरेकॉर्डर मुका होतो आणि सगळा आवाज थेट कॉम्प्युटरच्या कानात जातो, हे लक्षात ठेव.) त्यात बाबा येऊन बसायला लागले. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. चूक आहे एवढंच सांगायचं आणि कुठे ते सांगायचं नाही, असा सहकारी त्यांनी पाहिला नसावा. ते पडद्याकडे तुच्छतेने बघत आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची जरा आणखी जवळ ओढत.

रविवारी दुपारी ते पाणी प्यायला उठले, वायर पायात आली आणि टेपरेकॉर्डरमधून निघाली. खोलीत आई बोलायला लागली.

तुला आठवतं, तू नर्सिंगच्या होस्टेलवर होतीस तेव्हा आई तुला पत्रं लिहायची नाही. लिहिलेलं पत्र पाकिटात जायच्या आधी बाबा लाल शाईने सुधारायचे, म्हणून ती चिडून कॅसेटवर बोलायला लागली. आवाजाला लाल शाई लागत नाही. त्यातली ही एक तू सुट्टीत घरी आलीस म्हणून धाडायची राहिली असणार. मी ती कोरी समजून वर 'विमान' लिहून ठेवली. ते विमान मी लिहिलंच नव्हतं, ताई. दिवे, ढग, धावपट्टी, सगळं लिहायचं राहिलेलं होतं. आणि मी आठवडाभर आपल्या आईला प्रोग्रॅम समजून कॉम्प्युटरमध्ये भरत होतो आणि तो बिचारा परोपरीने सांगत होता की हे काहीतरी वेगळं आहे.

आई म्हणत होती, "आणि तुझे बाबा बघ. चष्मा कपाळावर आणि घरभर चष्मा शोधत फिरतायत. मी काही सांगणार नाहीये."

बाबांचा हात कपाळाकडे गेला. ताई, चष्मा तिथेच होता.

"सापडला गं," बाबा म्हणाले.

मग ते खाली बसले आणि कॅसेट संपेपर्यंत दोघं बोलत राहिले. आई खिडकीच्या पडद्याच्या कापडाबद्दल सांगायची, दाढेबद्दल सांगायची, आणि बाबा मध्येमध्ये तिला उत्तरं द्यायचे, आवाज न चढवता, रोजच्यासारखी. मी पडद्यावरच्या चौकोनाकडे बघत रडलो. त्या आठवडाभराच्या खटपटीमुळे आवाज मात्र असा स्वच्छ येतो की आईच्या बांगड्यासुद्धा वाजतात.

माझा नमस्कार घे, गुडघ्याला शेक दे आणि माझ्यावरचा राग येताना गाडीतच ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. : पलंग आणतेस तर डोक्याकडची फळी नसलेला आण. टीव्हीखाली पाय जातील इतकी जागा मी केली आहे.

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. आईने तुला धाडलेल्या कॅसेट तुझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत ना? त्या आण. खोलीचं मग तू म्हणशील तसं करू.

ता. क. ३ : (अक्षर ओळखशीलच.) पत्र तपासलं. खोली रिकामी झालेली नाही, निम्मीसुद्धा नाही. कॉम्प्युटर चालेल असं मला वाटत नाही. धाकट्याला सांगू नकोस, खेळू दे. मी इथेच राहतो, पलंग मिळाला तर बरं. डबा विसरू नकोस. त्या कॅसेट तुझ्या होत्या म्हणून मी कधी ऐकल्या नाहीत. त्यात तिने माझ्याबद्दल जे म्हटलं असेल ते असू दे, मी एकही दुरुस्ती करणार नाही. — बाबा