तळाचा घोट

प्लेनो, २७ जानेवारी १९८७

चि. भानुदास, अक्काचे आशीर्वाद.

मी बरी आहे, थंडी सोसते. मंगलचा खोकला गेला का?

काल इथल्या मराठी मंडळात सुलेखाने मला बोलायला उभं केलं. विषय काय, तर एकाहत्तरच्या युद्धातल्या जवानांचं मनोधैर्य!

मी तुझ्या दाजींनी सांगितलेलं सांगितलं. वाळवंटातल्या त्या तळावर विमानं पुसून पुसून माणसं वैतागायची. डाळीत वाळू, अंथरुणात वाळू. चहातली वाळू खाली बसू द्यायची आणि तळाचा घोट सोडायचा. कप रिकामा करणाऱ्याला सगळे ‘वाळूखाऊ’ म्हणत.

तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, “काकू, थोडं इन्स्पायरिंग सांगा ना! ते शहीद कसे झाले, ते.”

“ते मी कुठे पाहिलं? मला हे माहीत आहे,” म्हटलं आणि खाली बसले. असा संताप आला! सगळ्यांना हार घातलेला फोटो हवा, माणूस कुणालाच नको.

शेवटच्या दिवाळीत त्यांनी घरीही घोट सोडला, तेव्हा तू किती हसला होतास!

निघताना सुलेखा म्हणाली, “आई, चहा संपव ना, उशीर होतोय.” इथे कुठली वाळू? तरी घोट तसाच ठेवला.

त्यांचं तुला आठवेल ते लिही. इन्स्पायरिंग नको.

तुझी,
अक्का