करमअलीला उत्तर

मुंबई,
फेब्रुवारी १९६३

प्रिय करमअली,

हे पत्र तुझी लेक जुलेखा तुला वाचून दाखवील. तिला म्हणावं, पोरी, सावकाश वाच.

परवा तू आगरदांड्याहून एवढ्या लांब मला भेटायला आलास, सुके बोंबील घेऊन, आणि मी तुझ्याशी धड बोललोही नाही. तू विचारलंस, "बाबा, परत कधी येताय?" आणि मी भिंतीकडे बघत राहिलो. शेजारच्या खुर्चीवर आमच्या मठाचे प्रमुख बसले होते. माणूस वाईट नाही. इथे मला पलंग आहे, दोन वेळ गरम जेवण आहे, गुडघ्यांना तेल लावून मिळतं. पण फाटकाबाहेर पडायचं तर विचारावं लागतं, आणि विचारलं की ते मायेनं म्हणतात, "आता कशाला, इनास? खूप केलंस." रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. माझ्या खिडकीतून समोरच्या चाळीची मोरी तेवढी दिसते.

मला सारखा तो दिवस आठवतो, तू मोरूला दिघीहून घेऊन आलास तो. महारोगानं बोटं झडलेला माणूस, एकही होडीवाला त्याला घेईना. तू तुझ्या होडीत घेतलंस, आणि धक्क्यावर उतरून मला हाक मारलीस, "ओ दोरीवाले बाबा, ह्याला कुठं ठेवू?" झग्यावर कमरेला दोरी बांधायचो, म्हणून तुमच्यासाठी मी दोरीवाला. माझ्याकडे तरी कुठे जागा होती! मग खाडीच्या कडेला आपण दोघांनी नारळीच्या झापांची झोपडी उभी केली. मोरूमागून तोच रोग झालेली सोनाबाई कोळीण आली, मग एकेक येतच राहिले. मी काही मिस्सा करणारा पाद्री नव्हे, साधा ब्रदर. जखमा धुवायच्या, पेज शिजवायची, मेलेल्याला त्याच्या त्याच्या रीतीनं पोचवायचं, एवढंच मला येत होतं. तुझी आई भाकऱ्या पाठवायची आणि वर निरोप, बाबाला म्हणावं आधी स्वतः खा.

गोव्यात सैन्य शिरलं त्या डिसेंबरात कुणीतरी तक्रार केली की हा झगेवाला फिरंग्यांचा माणूस आहे. मी कोर्लईचा, तुमच्याच किनाऱ्यावरचा, करमअली! आई घरात आमची जुनी फिरंगी बोली बोलायची आणि बाजारात मराठीत भांडायची. चौकशीला आलेला हवालदार चहा पिऊन हसत गेला. पण मठात काळजी शिरली, आणि मला 'थोड्या दिवसांसाठी' इथे आणलं. आता फिरंगी गेले, तक्रार विसरली गेली, आणि मी इथेच आहे.

आम्ही तीन व्रतं घेतो. गरिबीचं मला जड गेलं नाही, घरीही आम्ही गरीबच होतो. लग्न न करण्याचंही निभावलं. तिसरं आज्ञा पाळण्याचं. तेच सगळ्यांत सोपं, असं मी जन्मभर समजत होतो.

निघताना फाटकाशी तू हळूच सांगितलंस, झोपडी पडली, मोरू मुरूडला एस.टी.च्या थांब्यावर भीक मागतो, आणि सोनाबाई रोज धक्क्यावर येऊन बसते. होडी लागली की उतरणाऱ्यांकडे बघते. म्हणते, "बाबा येल, मना ठाव हाय." एवढं सांगून तू पाठ फिरवलीस. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की तिचे पाय डोळ्यांपुढे येतात. त्यांना पट्टी कोण बांधत असेल?

काल मी प्रमुखांकडे गेलो. म्हटलं, मला जाऊ द्या. ते म्हणाले, "जा. पण आमचा म्हणून नाही. झगा इथे ठेवून जा." त्यांचे डोळे भरले होते. ज्या घरात म्हातारं व्हायचं आणि ज्याच्या आवारात पुरलं जायचं म्हणून तरुणपणी आलो, ते घर त्या क्षणी माझ्यामागे बंद झालं. मी हो म्हणालो.

म्हणून हे लिहितो आहे. मी येतो आहे. पण आयुष्यभर झग्याशिवाय काही घातलं नाही, त्यामुळे माझ्याकडे स्वतःचा एक कपडा नाही. मुंबईला येणाऱ्या एखाद्या गलबताच्या तांडेलाबरोबर तुझा जुना सदरा आणि लुंगी पाठव. फाटका असला तरी चालेल. आणि सोनाबाईला आधी सांगून ठेव, नाहीतर होडीतून उतरलेला मी तिला ओळखू यायचा नाही.

तुझाच,
इनास