जिथे तो नव्हताच

ता. ९, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, वेधशाळेच्या जिन्यावर जरा जास्तच. तुझी मुलगी आता तुझ्या खांद्याला लागली असेल. बावीस वर्षांनी ताईला पत्र लिहायला सवड झाली, असं म्हणशील. म्हण.

आपला लघुग्रह सापडला. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो आहेत. हा त्यातलाच एक, बटाट्यासारखा वेडावाकडा, काळपट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण याच्याच पायी तुझी नोकरी गेली. त्या रात्री पहिला फोटो तू काढलास, दुसरा काढायचं काम माझ्याकडे होतं. दोघांच्या नोंदींवरून गणित मांडलं, तर आलेल्या जागी नुसतं आकाश. मी जुनी, म्हणून खापर तुझ्यावर फुटलं.

गेल्या आठवड्यात साहेब हसतच आले. "बाई, आताच्या जागेवरून मागे मोजलं, तर तुमची तेव्हाची नोंद तंतोतंत बरोबर निघाली. चूक भावाचीच होती." सगळ्यांना चहा पाजला. मी माझा कप तसाच ठेवून दिला.

धाकट्या, त्या रात्री मला झोप लागली होती. मी फोटो काढलाच नाही. सकाळी फोटोची काच फुटली म्हणून ठोकून दिलं आणि वहीत मनानेच एक जागा लिहिली. तुझं वाटोळं होताना मूग गिळून बसले.

मग तो तिथे कसा होता?

सोमवारी भीतभीत करून पाहिलं. फोटो काढायच्या आधीच वहीत मनाला येईल ती जागा लिहिली. तो तिथेच. मंगळवारी मुद्दाम भलतीच लिहिली. तिथेही तोच. इतकी वर्षं माझं खोटं तो इमानाने पाळत होता.

काल साहेबांच्या टेबलावर सगळं खरं लिहून, सही करून ठेवलं. आज सकाळी कालचा फोटो पाहिला. तो कुठेच नाही. साहेब म्हणाले, "वय झालं आता, रजा घ्या थोडी." माझा कागद त्यांनी खणात टाकला.

म्हणजे तुझ्यावरचा डाग अजून तसाच आहे. मला माफ करू नकोस, पण एकदा ये. तो खरोखर पाहिलेला माणूस तू एकटाच. होता ना रे तो? वहीतला आजचा रकाना मी कोरा ठेवलाय. तुझ्या हाताने लिही.

तुझी,
त्या रात्री काहीच न पाहिलेली,
ताई