खैऱ्याचं दावं

अमोल,

मी पातूरला जातो आहे, संध्याकाळच्या बसने येईन. दुपारी अमरावतीचे ते जुने कॉम्प्युटर जमवणारे गृहस्थ येतील. तुझा तो जुना कॉम्प्युटर तूच देऊन टाक. माझ्याच्याने होत नाही.

फोनवर ते त्याला ‘ब्रेडबिन’ म्हणत होते. म्हणाले, "काका, आम्ही शौकीन लोक याला प्रेमानं असंच म्हणतो. पावाचा डबा." मी बरं म्हटलं. आपल्या घरात त्याचं नाव वेगळं आहे, हे सांगायचं राहून गेलं. मामाने तो तुझ्यासाठी आणला तेव्हा रंग पाहून तुझी आई म्हणाली होती, "हा तं आमच्या बाबाच्या खैऱ्या बैलासारखा दिसते." तेव्हापासून खैऱ्याच. तू खेळत बसलास की स्वयंपाकघरातून ओरडायची, "खैऱ्याले सोड आता, जेवाले ये." पोळ्याला बैलाबरोबर त्यालाही हळद-कुंकू लावायची. ती गेल्यावर यंदा कोणीच लावलं नाही. मला सुचलंच नाही.

पाठीवरचा कुंकवाचा डाग तू पुसू नकोस. त्यांना पुसायचा असेल तर पुसू दे.

नातीला, ओवीला, अभ्यासाच्या टेबलासाठी जागा पाहिजे, हे मला कळतं. मी नाही म्हणत नाही. पण बैल दुसऱ्याला दिला तरी दावं आपण घरीच ठेवतो. म्हणून त्याची लाइटची वायर मी पिशवीत घेऊन जातो आहे. वायरशिवाय तो चालू होत नाही, हे मलाही माहीत आहे. त्यांना काय सांगायचं ते तूच बघ.

बाबा