लाल आलूची लेकरं

माय, तुझा लाल आलू गेला. गेल्या उन्हाळ्यात सडला. सरळच सांगून टाकते, तुले गोल गोल बोलणं कधी खपलं नाही. पलंगाखाली रेतीत ठेवले होते, खोलीत कूलर लावला होता, तरी एक दिवस वास आला अन् हात घातला तं बोटाइले पाणी लागलं. पोरानं टोपली उचलून बाहेर नेऊन फेकली. मी काही रडली नाही. आलूसाठी कोण रडते?

तुझ्याकडे बरं होतं. महाल वस्तीतल्या त्या घरात बाबाचा हातमाग होता, अन् मागाखाली पाय सोडायचा खड्डा. बाहेर नुसती आग, अन् खड्ड्यात गार. त्याच खड्ड्याच्या कोपऱ्यात रेती टाकून तू बियाचे आलू ठेवायची. बाबा जेवायले उठले की मी खाली उतरून बसते. तू भिंतीशी सुताच्या कांड्या भरून राहिली आहे, चरखा घुरघुरते, तुझ्या लुगड्याले खळीचा आंबूस वास. मी पायानं रेती उकरते. तू मान वर न करता म्हणते, "पाय आवर वं, झोपून राहिले ते." मग मीही तिथंच आडवी होते. बाबा परत येऊन बसतात तरी मले उठवत नाहीत, त्यांचे पाय माझ्या बाजूले खालीवर होत राहतात, वर धोटा इकडून तिकडे जाते, अन् मले वाटते मीही एक आलूच आहे, दिवाळी झाली की कोणी तरी उठवीन.

दिवाळीनंतर तू एक एक डोळा धरून आलू कापायची, राखेत घोळायची अन् घरामागच्या वाफ्यात लावायची. मोठे, गुळगुळीत ते बियाले, बारके आमच्या ताटात. एकदा मी मोठा मागितला. "आज मोठा गिळशील, मंग पुढच्या साली काय माझं डोस्कं पेरशील?" तू गेल्यावर मीही तसंच करत आली. घर बदललं, माग गेला, नवरा गेला, आता जरीपटक्याकडे पोराच्या घरी राहते, पण आलू तोच.

तो सडायच्या आधीच्या थंडीत एक नवल झालं होतं. फूल तं त्याले येते, जांभळं, अन् गळून जाते. त्या साली थंडी लांबली अन् फुलाच्या जागी हिरवी गोळी धरली, कच्च्या टमाटरासारखी. मी तोडून फेकणार, तं नात आडवी आली. पोराची पोरगी, मिहानमध्ये कंपनीत जाते, अन् सारं मोबाईलले विचारून करते.

"आजी, खाऊ नको, विषारी असते. पण आत बी आहे. खरं बी."

"मंग आम्ही इतके साल पेरलं ते काय खोटं होतं?"

"ते त्याच आलूचे तुकडे गं. म्हणून आलू तसाच्या तसा येते. बियातून आला तं दरएक वेगळा. लेकरासारखा."

"मंग राहू दे. या घरात आहेत तेवढे वेगळे पुरे."

तरी ते बी धुवून, कागदावर वाळवून ठेवलं. अन् उन्हाळ्यानं बाकी सारं नेलं तवा तेवढंच उरलं.

दसऱ्याच्या सुमारास आईस्क्रीमच्या डब्यात टाकलं. दोऱ्यासारखी रोपं आली. दिवाळीनंतर आंगणातल्या वाफ्यात लावली. थंडीभर मी उन्हात खाट टाकून राखण बसली. डोळा लागला की तू वाफ्यात दिसायची, पदर खोचलेला, हात मातीत. मी विचारायची, यातला तुझा कोणता वं? तू माती सारखी करून उठून जायची, अन् जागी झाली तं पानांवर नुसतं ऊन.

होळीच्या आधी खणले. लिंबाएवढे, सुपारीएवढे. एका झाडाले अंड्यासारखे पांढरे, एकाले पिवळे, एकाचे पांढरेच, पण डोळे गुलाबी. अन् एकाले लाल, हुबेहूब तुझे. पोरगा म्हणे, गाडीसाठी आंगणात फरशी टाकतो, भिंतीजवळची एक पट्टी तुले. एका पट्टीत एकच जात मावते. बाकीचे खाऊन संपवायचे. म्हणून थोडे थोडे वेगवेगळे उकडले अन् मिठासोबत घेऊन बसलो. सारे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले.

"लालच ठेव माय," पोरगा म्हणे. "आजीचा लालच होता ना?"

मी एक एक खाल्ला. लालाले जास्त वेळ लावला. मग गुलाबी डोळ्याचा उचलला अन् म्हटलं, "हा. हा माझ्या मायचा."

"पण हा तं पांढरा आहे!" नात म्हणे.

"तू काय सालटं पाहून जेवते? गप बस."

नातीनं ते कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवले, वर लिहिलं, पणजीचा आलू. दिवाळीनंतर तीच लावीन म्हणते. माय, तिनं तुले पाहिलं नाही. न पाहिलेल्या बाईसाठी कोणी पाणचट आलू किती साल पेरीन? गुलाबी डोळ्याचा घट्ट आहे, रस्स्यात फुटत नाही, गोडवा आहे. तो टिकीन, अन् त्याच्यावर तुझं नाव टिकीन. तुले लिहिलेला हा कागद नातीच्या हाती लागला तं ती ते नाव पुसून टाकीन, म्हणून चुलीत घालीन म्हणते. चूल आता घरात नाही, गॅसवर जाळीन.

तुझा तो लालच होता. रस्स्यात विरघळणारा, चव ना ढव. उरलेले लाल मी दुसऱ्या दिवशी सारे बाहेर गेल्यावर उकडले अन् एकटीनं खाल्ले. कोणाले एक दिला नाही. आवडले मले.